आधी मोरी विचारणारे साहेब

सुरुवातीलाच क्षमा मागते. ज्या बाईने वीस-बावीस वर्षे प्रयोगशाळेतल्या अहवालांखेरीज काही लिहिले नाही, आणि त्या अहवालांतही ‘नमुना समाधानकारक आढळला’ याहून लांब वाक्य करण्याचे धैर्य दाखवले नाही, तिने शेहेचाळिसाव्या वर्षी एका माणसाचे चित्र शब्दांत उभे करायला घ्यावे, याला धाडस म्हणावे की आगाऊपणा, हे माझे मलाच ठरवता येत नाही. त्यातून विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही. तो ओकारीचा आहे. जेवता जेवता वाचण्याची सवय असेल तर आधी जेवून घ्यावे, एवढीच विनंती करते आणि सुरुवात करते.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कापडावर रंग पक्का बसावा म्हणून लागणारी रसायने तयार करणारा एक मध्यम आकाराचा कारखाना होता. त्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे आमचे साहेब. मूळचे कोकणातले, उंच, काटकुळे, पंचावन्नच्या आसपासचे. पांढऱ्या एप्रनची सगळी बटणे, अगदी गळ्याजवळचेसुद्धा, लावलेली असत. हाताखालच्या प्रत्येकाला ते ‘अहो केमिस्ट’ अशी हाक मारत. आम्ही पाच जण होतो, त्यामुळे हाक आली की पाचही माना वर होत आणि साहेब ज्याच्याकडे पाहत तो उठे. नावे त्यांच्या लक्षात राहत नसत असे नव्हे. ‘नावाने हाक मारली की माणूस आधी घाबरतो आणि मग ऐकतो, हुद्द्याने मारली की नुसतं ऐकतो,’ असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांची पहिली ओळख जगाला होई ती एका प्रश्नाने. कुठल्याही नव्या ठिकाणी, मग ते कुणाचे घर असो, लग्नाचा हॉल असो, नगरपालिकेचे कार्यालय असो, साहेब दारात उभे राहून हात जोडत आणि म्हणत, “नमस्कार. मोरी कुठे आहे?” यजमान गडबडून बोट दाखवी. साहेब त्या दिशेला एकदा नीट पाहून घेत, मधल्या खुर्च्या आणि माणसे मनाशी मोजत, आणि मग दाराच्या अंगाला निवांत बसत. दहातल्या आठ वेळा ते मोरीकडे फिरकतही नसत.

उरलेल्या दोन वेळा ते जात आणि ओकून येत. अनोळखी माणसांसमोर बोलायची वेळ आली की त्यांचे पोट ढवळत असे. शाळेपासून ढवळत होते आणि निवृत्तीपर्यंत ढवळत राहिले. या गोष्टीची त्यांना काडीमात्र लाज नव्हती, आणि माझ्या लेखी सगळे आश्चर्य तिथेच होते. कारण मलाही तेच होत असे, आणि मी मात्र लाजेने अर्धी झाले होते.

दोन हजार तीनच्या सुमाराला मी त्या प्रयोगशाळेत मुलाखतीला गेले. एम. एस्सी.च्या तोंडी परीक्षेला मी परीक्षकांसमोरून तोंडावर रुमाल धरून पळाले होते आणि तरी कशीबशी पास झाले होते, त्याला वर्षही झाले नव्हते. मुलाखतीच्या खोलीत मालक म्हणजे शेठ, एक कारकून आणि साहेब असे तिघे. शेठनी विचारले, “क्या अनुभव है?” मी तोंड उघडले आणि लगेच मिटले. साहेबांनी माझ्याकडे नजर टाकली.

“मळमळतंय?”

मी मान हलवली. त्या क्षणी भुईने पोटात घेतले असते तर मी आभार मानले असते.

“या दाराने बाहेर, डावीकडे बेसिन. नळ घट्ट आहे, जोर लावा. आम्ही तोवर चहा घेतो.” आणि शेठकडे वळून, “शेठ, घ्या. बिस्किटं पण आहेत.”

मी परत आले तेव्हा तिघेही शांतपणे चहा पीत होते. साहेबांनी टायट्रेशनबद्दल दोन प्रश्न विचारले, शेवटचा थेंब केव्हा थांबवायचा ते विचारले, आणि म्हणाले, “सोमवारपासून या. हात स्थिर आहे तुमचा. पोट नाही, पण पोटाने टायट्रेशन करत नाहीत.”

त्यांच्या पद्धतीचे एक सूत्र होते: आधी सांगून टाकायचे. बंगळूरहून मोठ्या गिऱ्हाइकाची तीन माणसे कारखाना तपासायला आली, तो प्रसंग मी विसरणार नाही. शेठनी टेबलावर फुले ठेवली होती. साहेब उठले आणि म्हणाले, “मैं पहले ही बता देता हूँ. मुझे नए लोगों के सामने उल्टी होती है. बीच में उठ जाऊँगा, चार मिनट में वापस आऊँगा. आप लोग चाय लीजिए.” शेठचा चेहरा फुलांपेक्षा लाल झाला. साहेबांनी मालाच्या गुणवत्तेबद्दल बोलायला सुरुवात केली. “ये कपड़े में जो पीलापन आता है, उसका कारण...” एवढे बोलून ते उठले. दार बंद झाले. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. चार मिनिटांनी साहेब आले, केस विंचरलेले, गळ्याचे बटण लावलेले, आणि उभे राहिल्या राहिल्या म्हणाले, “...पानी का लोहा.” पुढचे व्याख्यान जणू मध्ये काही घडलेच नाही अशा थाटात पार पडले. नेहमी असेच होई. ज्या शब्दावर उठले त्याच्या पुढच्या शब्दापासून ते सुरू करत.

पाहुणे गेल्यावर शेठ तणतणत प्रयोगशाळेत आले. “अहो, पार्टीसमोर असं कुणी सांगतं का?”

“शेठ, न सांगता उठलो असतो तर त्यांना वाटलं असतं माल खराब आहे. सांगून उठलो म्हणून फक्त मी खराब ठरलो. तुम्हाला काय परवडेल ते सांगा.”

शेठना काय परवडते ते शेठना ठाऊक होते. गिऱ्हाईक टिकले आणि विषय संपला.

उपायांवर त्यांचा विश्वास नव्हता, पण अविश्वासही त्यांनी तपासून घेतला होता. मी येण्याच्या काही वर्षे आधी त्यांनी औषधाच्या रिकाम्या कॅप्सूल आणवून त्यांत सुंठ, वेलदोडा, लवंग आणि मक्याचे नुसते पीठ भरले होते. कुठल्या बाटलीत काय आहे, हे फक्त प्रयोगशाळेतल्या वयस्क शिपाईकाकांना ठाऊक. प्रत्येक बैठकीपूर्वी शिपाईकाका मनाला येईल त्या बाटलीतली कॅप्सूल देत आणि साहेब परिणाम लिहून ठेवत. वर्षभराने बाटल्या उघड केल्या तेव्हा मक्याचे पीठ पहिले आले होते. तो कागद त्यांनी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला होता आणि खाली लिहिले होते: ‘निष्कर्ष: पोटाला रसायन कळत नाही. पोटाला फक्त माणसे कळतात.’

मी पर्समध्ये लिंबू ठेवते, हे त्यांनी एकदा पाहिले. म्हणाले, “ठेवा. पण ते खिशात असलं की लक्ष खिशात राहतं आणि समोरच्याचं बोलणं राहून जातं. तेवढं फक्त बघा.” मी लिंबू ठेवणे सोडले नाही. त्यांनी पुन्हा विचारलेही नाही.

प्रयोगशाळेची काचेची भांडी आणायला आम्ही महिन्याकाठी उल्हासनगरला एका सिंधी दुकानदाराकडे जात असू. ते गृहस्थ साहेबांचे पंचवीस वर्षांचे दोस्त. साहेब दिसले रे दिसले की गल्ल्यावरूनच ओरडत, “आओ साईं, आओ! बेसिन पीछे है, आज साबुन भी नया रखा है!”

“आज गरज नाही. तुम्ही एकटेच आहात, आणि तुम्हाला मी माणसात धरत नाही.”

दुकानदार खो खो हसत आणि माझ्याकडे वळत. “मॅडम, ये आदमी मेरे बेटे की शादी में आया. स्टेज पे चढ़ने से पहले पूछता है, मोरी किधर है. मेरी समधन ने मुझे बाजू में लिया, बोली, ये कौन है, नल वाला है क्या? मैंने बोला, हाँ, बहुत बड़ा नल वाला है, अंबरनाथ का!”

साहेब परीक्षानळी उजेडात धरून तडा शोधत. “सांगा, सांगा. त्या लग्नात मी किती वेळा उठलो ते पण सांगा.”

“एक बार भी नहीं! मैं तो राह देखता रहा, साईं!”

त्या दुकानातून परतताना रिक्षात मी पहिल्यांदा माझी सगळी हकिगत त्यांना सांगितली. तोंडी परीक्षेची, आणि त्याहून वाईट, घरच्या कार्यक्रमाची.

आम्ही बदलापूरच्या खरवईला नव्या इमारतीत राहायला आलो होतो. वडील कारखान्यात फिटर होते, आई घर सांभाळी. आमच्या घरातली एम. एस्सी. झालेली मी पहिली, त्यामुळे आईला माझ्या लग्नाचीही तितकीच घाई होती. कल्याणचे एक स्थळ मला पाहायला आले. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, सात अनोळखी चेहरे वर झाले, आणि मी ट्रे टीव्हीवर ठेवून न्हाणीघरात धावले. आमच्या भिंती पातळ होत्या. मी बाहेर आले. मुलाची आत्या माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, पोटाकडे पाहत होती. जाताना तिने आईला दारात हळूच विचारले, “डॉक्टरीणबाईंना दाखवलंत ना? की अजून नाही?”

आईला प्रश्नाचा अर्थ जिना उतरून पाहुणे गेल्यावर कळला. मला तिच्या चेहऱ्यावरून कळला. पुढच्या रविवारी विहारात वंदनेला गेल्यावर दोन बायका बोलता बोलता थांबल्या, म्हणून आईने विहारात जाणेच थांबवले. ज्या बाईने वीस वर्षांत एक रविवार चुकवला नव्हता, ती माझ्यामुळे घरात बसली. मी डॉक्टरांना दाखवून आले होते. ताण सोडून दुसरे काही नाही, असे त्यांनी चिठ्ठीवर लिहूनही दिले होते. पण चिठ्ठी काय दारावर लावायची?

साहेबांनी हे सारे ऐकून घेतले. समजूत काढली नाही. शिवमंदिराच्या फाट्यावर रिक्षा थांबवली आणि म्हणाले, “उतरा. सवय करायला लागेल.”

ती सवय म्हणजे पुढील चार-पाच गुरुवारांचा कार्यक्रम झाला. कामावरून सुटल्यावर शिवमंदिराच्या परिसरातल्या एका अनोळखी माणसाकडे जायचे आणि विचारायचे, “मोरी कुठे आहे?” उत्तर ऐकायचे, आभार मानायचे, परत यायचे. साहेब रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीजवळ उभे राहत. पहिल्या गुरुवारी समोर बेलपानाची आणि फुलांची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. मी प्रश्न विचारला. तिने मला नखशिखान्त न्याहाळले.

“मोरी? अगो बाय, लोकं हितं देव इचारतान, तू मोरी इचारतेस?”

शेजारची हार ओवणारी बाई हसली. “आगं, पोरीला वकारी आली आसंल. जा गं, त्या हॉटेलवाल्याच्या मागं नळ हाय. आन् फुलं घेऊन जा येताना, नुसती मोरी कशाला बघतेस!”

मी फुले घेतली. पोट ढवळले, पण थांबले. रस्त्यापलीकडे साहेबांनी घड्याळात पाहून काहीतरी टिपले. “चाळीस सेकंद,” ते म्हणाले. “तुम्हाला काय वाटत होतं, किती वेळ हसतील?”

“आयुष्यभर.”

“चाळीस सेकंद. पुढच्या गुरुवारी मिठाईवाला.”

मिठाईवाला वीस सेकंदही हसला नाही. नळाचा रस्ता दाखवून त्याने पेढ्याचा भाव सांगितला. मी हळूहळू माणसाळत होते. आपली भीती आपल्याला वाटते तेवढी इतरांना मनोरंजक नसते, हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवले नव्हते.

आणि नेमके याच सुमाराला ते घडले, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

उल्हासनगरचे एक स्थळ सांगून आले होते. मुलगा एका शाळेत गणित शिकवत होता. आमच्याकडे मुलगी पाहण्याआधी मुलाकडचा कुणीतरी वडीलधारा मुलीच्या नोकरीच्या ठिकाणी येऊन गुपचूप चौकशी करून जातो. आईला ही रीत ठाऊक होती. तिने मला आधीच बजावले होते, “तुझ्या साहेबांना सांगून ठेव गं. दोन चांगले शब्द बोला म्हणावं.” मी सांगितले नाही. दोन चांगले शब्द मागायची मला लाज वाटली.

एका दुपारी मुलाचे मामा आले. जाडजूड, पांढरा सदरा, हातात रुमालाने पुसलेली पिशवी. शिपाईकाकांनी त्यांना साहेबांच्या टेबलापुढे बसवले. मी शेजारच्या तराजूच्या खोलीत वजन घेत होते. वाऱ्याने काटा हलू नये म्हणून दार लोटलेले होते, पण आवाज येत होता.

“मुलगी कशी आहे, साहेब?”

“टायट्रेशन उत्तम. हात स्थिर. सुट्ट्या कमी.”

“ते झालंच. पण वागणूक वगैरे? म्हणजे... आमच्या कानावर आलंय. बदलापूरला लोकं बोलतात. तिला उलट्या होतात म्हणे.”

माझ्या चिमट्यात एक छोटे वजन होते. मी ते धरून उभी राहिले. साहेबांनी ‘मला काही कल्पना नाही’ म्हणावे, एवढीच माझी अपेक्षा होती. जगातले कोणतेही साहेब तेवढे म्हणाले असते.

“होतात,” साहेब म्हणाले. “लोक त्याचा जो अर्थ लावतात तो खोटा आहे. उलट्या खऱ्या आहेत.”

“असं कसं सांगता तुम्ही इतकं छातीठोक?”

“कारण मलाही होतात. अनोळखी माणूस समोर आला की होतात. तुम्ही अनोळखी आहात. आणि त्यामुळे आता मी...”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मागच्या बाजूला नळ सुटला. मामा काय करत होते ते मला दिसले नाही. पण त्यांच्या पिशवीची चेन दोनदा उघडली आणि दोनदा बंद झाली, ते मी ऐकले. साहेब आले.

“...चार मिनिटं गेलो होतो. चहा घ्या.”

मामांनी चहा घेतला नाही. नमस्कार करून गेले.

मी तराजूच्या खोलीतून बाहेर आले. आयुष्यात मी कुणाशी मोठ्याने बोलले नव्हते, वरिष्ठांशी तर नाहीच. “साहेब,” मी म्हणाले, आणि माझा आवाज बाकीच्या चारही केमिस्टांनी ऐकला, “ते माझं होतं. ते सांगायचं की नाही, हे मी ठरवायचं होतं.”

“ते खोटं समजत होते, म्हणून मी खरं...”

“माहीत नाही म्हणायचं होतं! तुमचं तुम्ही जगाला सांगा. माझं कशाला?”

साहेबांनी गळ्याचे बटण सोडले. ते सुटलेले मी प्रथमच पाहिले. मग इतकेच म्हणाले, “बरोबर आहे. सील केलेला नमुना होता. विचारल्याशिवाय फोडला.”

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर प्रयोगशाळेचा त्रुटी-नोंदीचा छापील कागद होता. चूक झाली की तो भरायचा, असा नियम साहेबांनीच केलेला. त्यांच्या सुबक अक्षरात लिहिले होते: ‘त्रुटी: सहकाऱ्याची खासगी बाब तिच्या परवानगीशिवाय उघड केली. कारण: स्वतःचा नियम दुसऱ्याला लागू आहे असे गृहीत धरले. सुधारणा: यापुढे फक्त स्वतःपुरते बोलणे.’ खाली त्यांची सही, आणि तपासणाऱ्याच्या सहीसाठी मोकळी जागा. मी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. सही केली नाही. त्यांनी मागितली नाही. पुढचे दोन गुरुवार मी शिवमंदिराकडे गेले नाही.

मामा येऊन गेल्याच्या तिसऱ्या दिवशी वडिलांना फोन आला: रविवारी मुलगी पाहायला येतो. आई आनंदाने स्वयंपाकघरात गेली ती डबे पुसायलाच लागली. मला म्हणाली, “शनिवारी रात्रीपासून काही खायचं नाही. सकाळी ती गोळी घे. पोटात काही नसलं की येणार काय बाहेर? आणि हे बघ, त्यांना काही माहीत नाही, देवासारखी माणसं आहेत, तू फक्त दहा मिनिटं धर.”

त्यांना सगळे माहीत आहे, हे फक्त मला माहीत होते. आईला सांगितले असते तर ती त्याच क्षणी फोन करून नकार कळवून बसली असती. न सांगता बसले, तर सगळी खोली माझ्या पोटाकडे डोळे लावून बसणार, मी दहा मिनिटे धरते की नाही ते पाहणार. लपवण्याची सोय साहेबांनी माझ्या हातून काढून घेतली होती. रविवारपर्यंत मी त्यांच्यावर रागावलेलीच होते. आणि रागावलेली होते म्हणून घाबरायला जरा कमी वेळ मिळाला, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.

रविवारी आमच्या बाहेरच्या खोलीत शेजाऱ्यांकडून आणलेल्या धरून सहा खुर्च्या होत्या. मुलगा, त्याची आई, तेच मामा. न्हाणीघराचे दार मुलाच्या खुर्चीच्या बरोबर मागे. मी पोहे घेऊन आले. मी ट्रे खाली ठेवला आणि उभीच राहिले.

“मला आधी एक सांगायचंय,” मी म्हणाले. “अनोळखी माणसं समोर असली की मला मळमळतं. उलटी होते. शाळेपासून आहे. डॉक्टरांची चिठ्ठी आहे घरात. मी मधेच उठले तर येईन परत. याला दुसरा कुठलाही अर्थ नाही.” शेवटचे वाक्य मी मुलाच्या आईकडे पाहून म्हणाले.

माझी आई स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने डोळे मिटले. वडील माझ्याकडे पाहत राहिले, मला वाटते, थोड्या कौतुकाने. मामा पंख्याकडे पाहत होते.

मुलाच्या आईने गळा साफ केला. “बरं. बस गं. स्वयंपाक येतो का?”

आणि तेव्हाच ते वर आले. मी दाराकडे पाहिले. मधे मुलाची खुर्ची, तिच्या बाजूला मामांचे पसरलेले पाय. मुलगा उठला. त्याने आपली खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि म्हणाला, “मामा, पाय घ्या जरा. त्यांना जायचंय.”

मामांनी पाय घेतले. मी गेले. भिंती पातळ होत्या, सगळ्यांनी ऐकले. मी तोंड धुतले, आरशात पाहिले, केस सारखे केले आणि परत येऊन खुर्चीवर बसले.

“येतो,” मी म्हणाले. “पण भाकरी गोल येत नाही.”

क्षणभर कुणाला कळेना. मग मुलाची आई हसली. “अगं, माझी तरी कुठे येते! याच्या बाबांनी तीस वर्षं नकाशे खाल्ले. तुझ्यासारखंच माझ्या नणंदेला एसटीत व्हायचं.”

“एसटीचं वेगळं असतं, ताई,” मामा म्हणाले.

“काही वेगळं नसतं. तू पोहे खा.”

मीही खाल्ले. आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हते. मी दोनदा मागून घेतले.

आमचे लग्न त्याच वर्षी झाले. आई परत विहारात जाऊ लागली, आणि ज्या दोन बायका बोलता बोलता थांबल्या होत्या, त्यांनी आहेरात घड्याळ दिले. साहेब लग्नाला आले, दाराजवळ बसले, व्यासपीठावर आले नाहीत. जाताना लांबूनच हात जोडले. काही वर्षांनी ते निवृत्त होऊन कोकणात गेले, आणि त्यांची जागा मला मिळाली. गेल्या पावसाळ्यात ते गेल्याचे उल्हासनगरच्या दुकानदाराने फोनवर कळवले. “साईं चला गया, मॅडम,” ते म्हणाले, आणि मग, “मोरी पूछ के ही गया होगा.”

मला आजही मळमळते. नवे गिऱ्हाईक आले की मी उभी राहते, आधी सांगून टाकते, गरज पडली तर जाऊन येते आणि बोलते. माझ्या हाताखालच्या मुली हसत नाहीत. हसल्या तर चाळीस सेकंद हसतात.

पण साहेबांना मी कधी सांगितले नाही की त्यांचा राग मी सोडला. खरे तर सोडला की नाही, हेच मला ठरवता आले नाही. माझे पती म्हणतात, मामा त्या दिवशी घरी येऊन म्हणाले होते, ‘असं तोंडावर खरं सांगणारा माणूस जिच्या बाजूने बोलतो, ती पोरगी बघायला हरकत नाही.’ तेव्हा साहेब बरोबरच होते, असे त्यांचे मत. माझी आई म्हणते, कुणाच्या पोरीची गोष्ट अशी टेबलावर मांडायची नसते. मामा बरे निघाले म्हणून निभावले, दुसरा कुणी असता तर ती गोष्ट गावभर झाली असती. दोघेही मला पटतात, आणि एकाच दिवशी पटतात.

मामा समोर बसून विचारत होते, आणि शेजारच्या खोलीत मी चिमट्यात वजन धरून ऐकत होते. साहेबांच्या जागी तुम्ही असता, तर काय सांगितले असतेत?